शुगर, विसरणं आणि मेंदूतली सूज: संबंध खरा आहे का, उपाय आहे का?

दुधनाकाठ (सेलू)
नमस्कार मंडळी. आईला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. वय सत्तरीच्या पुढं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू आहेत. वर्षभरात तिचं विसरणं वाढलंय. चष्मा कुठं ठेवला, गॅस बंद केला का, हे तर आपण सगळेच विसरतो. मी त्याबद्दल म्हणत नाही. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबते आणि "आता काय करायचं होतं?" असं माझ्या बायकोला विचारते. पन्नास माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज नुसत्या नजरेनं घेणारी बाई आहे ही.

एका नातेवाइकानं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. शुगरवाल्यांच्या मेंदूला आतून सूज येते, त्यातूनच अल्झायमर होतो, सूज उतरली की स्मरणशक्ती परत येते, असं त्यात सांगितलंय. खाली एका पुडीची जाहिरात. पुडी मी घेतलेली नाही. पण त्यानंतर वाचायला बसलो तर मेंदूतल्या सुजेवर खरंच मोठं संशोधन चालू असल्याचं दिसलं. म्हणजे व्हिडिओ सगळाच खोटा नाही. म्हणून विचारतो: ही सूज असते का? शुगरशी तिचं नातं काय? आणि ती उतरवणारं औषध कुठं आहे का? घरात असा अनुभव असेल तर तोही लिहा.

नागझरी
आमच्या आजोबांना होतं. सकाळी जेवले का ते आठवायचं नाही, पण रझाकाराच्या वेळी रात्रीतून बैलगाडी जुंपून बार्शीकडं कसे निघाले, वाटेत कुणाच्या वाड्यावर थांबले, बैलांची नावं, सगळं घडाघडा सांगायचे. शुगर त्यांनाही होती. तेव्हा "म्हातारपण आहे" म्हणून आम्ही कुठं दाखवलं नाही. तुम्ही वेळेत विचारताय, चांगलं करताय.

परळी_वैजनाथ
मेंदूला सूज म्हणजे मेंदूज्वरच ना? आमच्या शेजारच्या पोराला झाला होता, ताप, झटके, बेशुद्ध. ती सूज असती तर तुमच्या आईला चालता-बोलता आलं नसतं. मला तर व्हिडिओ पूर्ण बोगस वाटतो.

डॉ_जयवंती (अंबाजोगाई)
परळीकर, तुम्ही म्हणता तो आजार वेगळा. मेंदूज्वरात किंवा डोक्याला मार लागल्यावर येणारी सूज तीव्र असते, दिवसांत किंवा तासांत वाढते, स्कॅनवर बहुतेक वेळा दिसते. दुधनाकाठ ज्याबद्दल विचारतात ती पेशींच्या पातळीवरची, मंद आणि वर्षानुवर्षं चालणारी दाहाची प्रक्रिया. ती साध्या सीटी किंवा एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहून येत नाही. त्यामुळं "स्कॅन नॉर्मल आहे" यावरून ती नाही असं ठरत नाही, आणि स्कॅन न करता "तुमच्या मेंदूला सूज आहे" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तेही खरं नाही.

थोडं मुळापासून लिहिते. मेंदूत मज्जापेशींच्या सोबतीला मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. गावातल्या जागल्याचं काम त्यांच्याकडं आहे: फिरत राहायचं, जंतू दिसला की पकडायचा, मेलेल्या पेशी उचलायच्या. अल्झायमरमध्ये मज्जापेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं आणि आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. मायक्रोग्लिया सुरुवातीला अमायलॉइड साफ करायला धावतात. पण साठणं थांबत नाही, त्यांचं चवताळणंही थांबत नाही. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ असे दाहक रेणू त्या सोडत राहतात आणि शेवटी दोन मज्जापेशींमधले चांगले जोडही खाऊन टाकायला लागतात.

हा नुसता अंदाज नाही. २०१३ मध्ये ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. तो असलेल्यांना उतारवयातल्या अल्झायमरचा धोका साधारण दोन ते चार पट असतो. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतं. म्हणजे राखण करणाऱ्या पेशींत खोट असली की आजाराला वाट मिळते. सूज हा फक्त आजाराचा परिणाम नसावा, कारणांतही तिचा वाटा असावा, असं मानायला हा सगळ्यात भक्कम आधार.

शुगरचं पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, ओपीडी आहे.

वसमतकर
डॉक्टर मॅडम, छान समजलं. पण उपाय आपल्या दारात आहे ना! आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हळदीत कुर्कुमिन आहे, ते दाह कमी करतं हे परदेशी लोकही मानतात. रात्री हळद-दूध द्या आईला. पुडीवर पैसे कशाला घालवायचे.

लातूर_पॅटर्न
वसमतकर काका, हळद माझीही आवडती, पण औषध म्हणून थोडं थांबा. प्रयोगशाळेत पेशींवर कुर्कुमिन टाकलं की दाह कमी होतो हे खरं. पोटातून घेतलं की ते रक्तात फारच थोडं उतरतं. अमेरिकेत अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे कुर्कुमिन देऊन पाहिलं, २०१२ मध्ये निष्कर्ष आले: फायदा दिसला नाही आणि रक्तातलं प्रमाणही नगण्य. त्यात शुद्ध कुर्कुमिन ग्रॅममध्ये दिलं होतं. आपल्या चमचाभर हळदीत ते तीन ते पाच टक्के.

वसमतकर
बरं, पटलं. तरी हळद द्याच, भाजीत द्या. आणि घ्यायची तर हळकुंड घेऊन दळून आणा. सुटी पूड फार पिवळीधमक दिसली तर सावध राहा, चकाकीसाठी लेड क्रोमेट मिसळणारे आहेत. शिसं मेंदूला विष आहे, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

डॉ_जयवंती
वसमतकर, शिशाबद्दल शंभर टक्के सहमत.

आता शुगर. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ वाढलेलं सापडलं आणि ते अडवल्यावर इन्सुलिनचं काम सुधारलं. तिथून एक मोठा विचार पुढं आला: पोटावरची चरबी नुसती साठवण नसते, ती दाहक रेणू सोडते आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग संशोधक मेंदूकडं वळले. हायपोथॅलॅमस हा भूक आणि वजन सांभाळणारा भाग. २०१२ च्या एका अभ्यासात उंदरांना अतितेलकट खाद्य दिल्यावर एक ते तीन दिवसांत हायपोथॅलॅमसमध्ये दाहाच्या खुणा दिसल्या. वजन नीट वाढायच्याही आधी! म्हणजे पोट भरल्याचा निरोप जिथं पोचायचा तोच भाग बिघडतो, माणूस जास्त खातो, वजन वाढतं, दाह वाढतो. हे चक्र दोन्हीकडून फिरतं. लठ्ठ माणसांच्या एमआरआयमध्येही त्या भागात बदल दिसलेत, पण माणसांत कार्यकारणाचा पुरावा अजून उंदरांइतका पक्का नाही.

शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि रक्त व मेंदूमधला पडदा सैल होतो. जे रेणू आत जायला नकोत ते जातात. काही जण अल्झायमरला "टाइप ३ डायबेटिस" म्हणतात. तो निदानाचा मान्य प्रकार नाही, तुमच्या कागदावर कुणी तसं लिहिलं तर विचारा. पण मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

लातूर_पॅटर्न
दुधनाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण व्हिडिओतली खरी चलाखी तिथंच आहे. "सूज आहे" इथपर्यंत ठीक. "सूज उतरली की आजार जातो" हे करून पाहिलेलं आहे, आणि झालेलं नाही.

संधिवातासाठी सूज कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असं नोंदींवरून वाटत होतं. म्हणून अमेरिकेत घराण्यात हा आजार असलेल्या सत्तरीपुढच्या अडीच हजारांवर लोकांना नॅप्रोक्सेन किंवा सेलेकॉक्सिब देऊन चाचणी सुरू केली. हृदयाच्या धोक्याची चिंता वाटल्यानं डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या बंद केल्या, आणि स्मरणशक्तीला फायदाही दिसला नाही. त्याआधी १३८ रुग्णांना वर्षभर प्रेडनिसोन हे स्टेरॉइड देऊन झालं होतं: फायदा शून्य, वागणुकीचे त्रास उलट जास्त. मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक मायक्रोग्लियाला शांत करतं म्हणून ब्रिटनमध्ये ५४४ रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली, तिथंही काही नाही.

आणि ताजं म्हणजे सेमाग्लुटाइड. शुगर आणि वजन दोन्हीवर चालतं, दाहही कमी करतं, त्यामुळं सगळ्यांची आशा होती. सुरुवातीच्या अल्झायमरच्या सुमारे ३,८०० लोकांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनंच सांगितलं: रक्त आणि मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यातल्या काही खुणा सुधारल्या, पण आजाराची चाल मंदावली नाही. मला फार वाईट वाटलं वाचून. शुगरसाठी ते औषध चांगलंच आहे, पण स्मृती परत आणायला म्हणून कुणी लिहून दिलं तर आधार विचारा.

परळी_वैजनाथ
मग जागल्यालाच मारून टाकलं तर चोर मोकळाच सुटणार, असं आहे का हे?

लातूर_पॅटर्न
बरोबर पकडलंत! सरसकट दाबलं तर साफसफाईही बंद. आणि कधी दाबायचं हाही प्रश्न आहे: आजार लक्षात येतो तेव्हा आतली प्रक्रिया सुरू होऊन पंधरा-वीस वर्षं झालेली असतात. आता अमायलॉइडच काढणारी इंजेक्शनं आलीत. लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणांचा. काहींच्या मेंदूला त्यातूनच सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो, म्हणून वारंवार एमआरआय लागतो.

कपाशी_सोयाबीन (मानवत)
माझ्या बापाला पार्किन्सन हाय. हात थरथरतो, चाल बारीक झाली. त्यात बी ही सूज असते का? बापानं आयुष्यभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, तोंडाला कधी फडकं बांधलं नाही. गावात आणखी दोघं हायत तसेच. आणि एकानं खाजकुहिलीच्या बियांची पूड सांगितलीय, ती चालू करावी म्हणालोय.

डॉ_जयवंती
भाऊ, पूड अजून चालू करू नका, आधी हे वाचा. खाजकुहिलीत लेव्होडोपा खरंच असतं, पार्किन्सनच्या गोळीतलं तेच द्रव्य. म्हणूनच धोका. गोळी चालू असताना वरून पूड घेतली तर मात्रा किती झाली ते कुणालाच कळत नाही. भ्रम होतात, रक्तदाब एकदम पडतो, अंग वेडंवाकडं हलायला लागतं. न्यूरॉलॉजिस्टना सांगून काय करायचं ते करा, लपवून नको.

तुमचा दुसरा प्रश्न मोलाचा आहे. पार्किन्सनच्या मेंदूत चवताळलेल्या मायक्रोग्लिया सापडतात हे १९८८ पासून माहीत आहे. रोटेनोन हे कीटकनाशक प्राण्यांना देऊन प्रयोगशाळेत पार्किन्सनसारखा आजार तयार करतात. पॅराक्वाट या तणनाशकाचा संबंधही अनेक अभ्यासांत दिसलाय. तुमच्या वडिलांना त्यामुळंच झाला असं एका माणसाबद्दल सांगता येत नाही. पण आता तुम्ही फवारता ना? हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वारा पाठीकडून येईल असं उभं राहणं, आणि घरात यायच्या आधी कपडे बदलणं. हे आजपासून.

औषधांचं म्हणाल तर फ्रान्समध्ये १५६ रुग्णांना लिक्सिसेनाटाइड या शुगरच्या इंजेक्शनानं वर्षभरात थोडा फायदा दिसला, २०२४ ची गोष्ट. पण त्याच गटातल्या एक्झेनाटाइडच्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत, १९४ रुग्ण आणि ९६ आठवडे, २०२५ मध्ये काहीच फरक आला नाही. त्यामुळं आज ते पार्किन्सनसाठी सुरू करायला मी कुणाला सांगणार नाही.

कपाशी_सोयाबीन
मॅडम, लई उपकार झाले. पूड ठेवून देतो. मास्कचं पोराला बी सांगतो.

करडईचं_फूल (परभणी)
तेलाबद्दल कुणीच बोललं नाही! आमच्याकडं घाण्याचं करडईचं तेल पिढ्यान्‌पिढ्या. कृषी विद्यापीठाचा 'परभणी कुसुम' वाण आमच्या रानात असायचा. आता युट्यूबवर सांगतात की करडईत ओमेगा-६ भरपूर, त्यानं शरीरात दाह वाढतो. आमच्या आज्यांनी काय मग विष खाल्लं?

लातूर_पॅटर्न
ताई, नाही. करडईतलं ओमेगा-६ म्हणजे लिनोलिक आम्ल. ते खाऊन माणसांच्या रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढतात का हे चाचण्यांत तपासलंय, वाढत नाहीत. तेल कमी वापरा, तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. जोडीला जवसाची चटणी ठेवा, ओमेगा-३ त्यात आहे.

करडईचं_फूल
जवस, कारळ, शेंगदाणा, तिन्ही चटण्या डब्यात हजर आहेत. दुधनाकाठच्या आईंना पाठवू का?

घाटीची_सिस्टर
मी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात काढलीत, म्हणून हात जोडून सांगते. सगळी चर्चा चांगली चाललीय, पण दुधनाकाठ भाऊ, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये दोन गोळ्यांची नावं आहेत आणि त्या दोन्हींवर अजून कुणी बोललेलं नाही.

मेटफॉर्मिन. चांगली गोळी, पण वर्षानुवर्षं घेतली की अनेकांचं बी१२ कमी होतं. तुमचं घर माळकरी असेल, मांस-अंडी नसतील, तर आणखीच. बी१२ कमी झालं की विसरणं वाढतं, चिडचिड होते, पायांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या की घरचे म्हणतात शुगरमुळं, आणि तिथंच विषय संपतो. साधी रक्ततपासणी आहे. सोबत थायरॉइड, सोडियम, क्रिएटिनिन करून घ्या.

ग्लिमेपिराइड. ही शुगर खाली ओढते, जेवलं नसलं तरी ओढते. वय झालं, मूत्रपिंड मंदावलं, की गोळीचा असर लांबतो. आपल्याकडं आई-आजी एकादशी, चतुर्थी, गुरुवार काही सोडत नाहीत. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात, कारण डॉक्टरांनी "चुकवू नका" सांगितलेलं असतं, आणि दुपारपर्यंत नुसता चहा. म्हाताऱ्या माणसांत शुगर पडली की दरवेळी घाम, थरथर दिसत नाही. माणूस गप्प होतो, हातातलं काम अर्धवट सोडतो, उलटसुलट बोलतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी धडधडही झाकली जाते. आमच्याकडं "बाईंना वेड लागलं" म्हणून आणलेल्या आजी ग्लुकोज चढवल्यावर उठून नातवाचं नाव घेताना मी पाहिल्यात.

म्हणून आई अशी थांबली की तेव्हाच ग्लुकोमीटरनं बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ ला फोन.

डॉ_जयवंती
सिस्टर, हे माझ्या पोस्टमध्ये आधी यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. एवढंच जोडते: शुगर वारंवार खूप खाली जाणं हेही पुढच्या स्मृतिभ्रंशाच्या वाढीव धोक्याशी जोडलेलं आहे. सत्तरीपुढच्या माणसाची शुगर तरुणाइतकी कडक ठेवायचा हट्ट म्हणून नको.

आणि त्या पुडीबद्दल. सुजेवर नाहीतर गुडघ्यावर म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवस फार बरं वाटतं, आणि शुगर तीनशे-चारशेवर जाते.

नागझरी
नागिणीच्या लशीबद्दल परवा वाचलं. तिचा याच्याशी संबंध आहे म्हणतात, खरं का?

लातूर_पॅटर्न
वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ती लस मिळणार, आधीच्यांना नाही, असा नियम होता. आठवड्याभराच्या फरकानं जन्मलेली माणसं, बाकी सगळं सारखं. सात वर्षांत लस घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला, एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. मज्जातंतूंत लपलेला विषाणू पुन्हा जागा होऊन दाह पेटवतो, लस ते टाळते, असा एक अंदाज आहे. स्मृतीसाठी म्हणून ही लस अजून कुणी अधिकृतपणे सुचवत नाही.

दुधनाकाठ (सेलू)
सगळ्यांचे आभार, खास करून सिस्टरताईंचे. काल एकादशी होती. दुपारी आई ओसरीवर बसून नुसती बघत होती, हाक मारली तर उशिरा ओ दिली. ग्लुकोमीटर लावला, ६१. साखरपाणी दिलं, थोड्या वेळानं बोलायला लागली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ग्लिमेपिराइड थांबवून तपासणीला बोलावलंय. बी१२ चं रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. हेच कारण निघालं तर किती बरं होईल, असं वाटतंय.

डॉ_जयवंती
वेळेत पकडलंत. पण भाऊ, एकाच धाग्याला सगळं बांधू नका. वर्षभराचं विसरणं नुसत्या शुगर पडण्यानं असेल किंवा नसेल. शुगर आणि बी१२ जागेवर आल्यावर दोन-तीन महिन्यांनी स्मृतीची नीट चाचणी करा. तेव्हाही अडचण राहिली तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं आयुष्यभरातल्या चौदा गोष्टी सांगितल्यात. त्या सांभाळल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, बसून राहणं, एकटेपणा, कमी दिसणं, कमी ऐकू येणं हे त्यातलेच. यातलं बरंचसं दाहाशीही जोडलेलं आहे. सूज कमी करायची आपल्या हातातली आजची वाट तीच आहे.

घाटीची_सिस्टर
जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घेऊन जा, आयुर्वेदिक, गुडघ्याच्या, झोपेच्या, सगळ्या. आणि सूनबाईंना सोबत न्या. दिवसभर त्या जवळ असतात, किती वाजता काय होतं ते त्याच सांगतील.

करडईचं_फूल
कमी ऐकू येणंही त्यात आहे? आमच्या सासऱ्यांना मशीन घेऊन दिलंय, ते कपाटात ठेवतात. शिट्टी वाजते म्हणतात.

डॉ_जयवंती
कानातला साचा सैल बसला किंवा कानात मळ असला की शिट्टी वाजते. मशीन जिथून घेतलं तिथं परत न्या, साचा बदलून मिळतो. आधी ईएनटीकडून मळ काढून घ्या. सुरुवातीला घरातच तासभर लावायला सांगा, मग वाढवा.